रखमावहिनीच्या चुलीवरचं कौल

फार पूर्वी एका चक्रीवादळाने खाडीकाठच्या वाडीतली सगळी छपरं उडवली. न फुटलेली कौलं लोकांनी गोळा केली. ती एकाच घराला पुरत होती, म्हणून भिंती टिकलेलं सुभद्राकाकूचं घर सगळ्यांनी मिळून शाकारलं.

त्या छपरावरचं एक कौल मात्र कुढत होतं. "मी रखमावहिनीच्या चुलीवरचं. तिचा धूर अजून माझ्या अंगाला आहे. मला तिथेच न्या."

"तिथे आता नुसतं जोतं उरलंय," शेजारचं कौल म्हणालं.

तरी ते दिवसभर त्या जोत्याकडेच बघत राहिलं.

संध्याकाळी पाऊस आला आणि अख्खी वाडी काकूच्या घरात शिरली.

"रखमा, चूल तूच पेटव," काकू म्हणाली.

ओळखीचा धूर वर आला.

"जरा जवळ सरक," कौल शेजाऱ्याला म्हणालं, "फटीतून तिच्यावर पाणी गळेल."