पाऊण पूल

काम फसलं की तुम्ही लगेच एक आळशी माणूस शोधून काढता. तो सापडतोही. पण काम चालू असताना हसत हसत येऊन ‘आता करताच आहात, तर एवढंसं आणखी’ असं म्हणणारे तुम्हीच होतात, हे तुम्ही कधी कबूल केलंय? आणि ज्याने भिडेपोटी मान हलवली, त्याने तरी?

एका नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक वाडी. उन्हाळ्यात नदीला गुडघाभर पाणी असायचं. मृग लागल्यावर ती फुगली की मात्र दिवाळीपर्यंत वाडी तुटायची. सुईण होती ती गावात. वाडीत कुणी नव्हती. त्यामुळे दर साली वाडीतल्या एखाद्या घरात पाळणा हलण्याऐवजी रडारड व्हायची. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, पूल बांधायचा.

काम गावातल्या सुताराकडे आलं. त्याचा हात चांगला होता. त्याची लेकही वाडीतच दिलेली होती आणि तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून या खेपेला बाळंतपणासाठी तिला माहेरी येता येत नव्हतं. दिवस आषाढात भरणार होते.

सुताराने सगळं नीट आखलं. पूल आठ गाळ्यांचा, खांबापासून खांबापर्यंत एक गाळा. नदीतले खांब पाणी उतरलेलं असतानाच रोवायचे, मग तुळया, मग फळ्या. लाकूड वर्षभर आधी कापून वाळवलेलं होतं, पुरून थोडं उरेल इतकं.

तिसरा गाळा उभा राहिला आणि पाटील बघायला आले.

“मिस्त्री, झकास काम! आता या तोंडाला जरा छप्पर घाला. संध्याकाळी चार माणसं बसतील. एवढंसंच.”

पाटलांना नाही कसं म्हणायचं? सुतार म्हणाला, “बरं.”

छप्पर झालं तसे वाणीशेट आले. “छप्पर आहे आणि खाली बाक नाहीत? माणसांनी काय खांबाला टेकून गप्पा मारायच्या?”

“बरं.”

मग पुजारी आले. “सुरुवातीला एक कोरीव कमान हवीच. गावाची शोभा आहे ती.”

“बरं.”

यातलं कुणीही वाईट नव्हतं. मागणारा प्रत्येक जण मनापासून मागत होता. आणि सहा गाळे, छप्पर, बाक, कमान असा तो पूल इतका देखणा दिसायला लागला, की शेजारच्या गावांतून माणसं बघायला येऊ लागली. पाटील बाकावर बसून सगळ्यांना सांगायचे, “पाऊण पूल झाला!”

एका सकाळी लेक पाण्यातून चालत अलीकडे आली. पोट सांभाळत काठावर उभी राहिली.

“बाबा, किती राहिलं?”

“झालाच समज. पाऊण झालाय.”

फळ्या जिथं संपत होत्या तिथं तिने बघितलं. “पाऊण पुलावरून सुईण पाऊण वाट येईल. पुढं काय, उडी मारेल?”

सुतार हसायला गेला, पण हसू आलं नाही. तो तडक लाकूड ठेवायच्या खोपीत गेला. दोन गाळे बाकी होते आणि एका गाळ्यापुरतंही लाकूड उरलं नव्हतं. नवीन कापावं तर वाळायला निदान दोन महिने हवेत, ओलं लाकूड वाकतं. आणि मृग पंधरा दिवसांवर आला होता.

त्याने सगळ्यांना पुलाशी बोलावलं.

“मुदत नदीच्या हातात आहे, ती वाढत नाही,” तो म्हणाला. “लाकूड आहे तेवढंच आहे. आपल्या हातात एकच गोष्ट आहे, आपण किती मागायचं ती. मी छप्पर, बाक आणि कमान उतरवतोय.”

पाटील ताडकन उठले. “झालेलं काम मोडणार? वेड लागलंय का तुला?”

“पाटील, ते काम नव्हतं. काम म्हणजे सुईण कोरड्या पायांनी वाडीत पोचणं. ते अजून झालेलंच नाही.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“चूक माझी,” सुतार म्हणाला. “मला तुमची भीड वाटली. लेकीची वाटायला हवी होती.”

पाटील गावाकडे निघून गेले. सुताराने छपराला हात घातला. छपराचे खांब नदीत गेले, बाकांच्या फळ्या झाल्या, कमानीची तुळई झाली. शेवटच्या गाळ्याला कठडा लावायलाही लाकूड पुरलं नाही. त्याने तिथं दोर ताणला आणि सगळ्यांना बजावलं, “इथं जोखीम आहे, जपून चाला.” पूल पुरा झाल्यावर चौथ्याच दिवशी घाटावरचं पाणी आलं आणि खालचे दगड दिसेनासे झाले.

आषाढात, भर दुपारी, वाडीतून हाक आली. सुईण बोचकं काखेत मारून निघाली आणि पूल ओलांडून गेली. दिवे लागायच्या आत निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

तात्पर्य: काम हातात घेण्याआधी ‘झालं’ कशाला म्हणायचं ते ठरवा आणि ते होईपर्यंत ‘आणखी थोडं’ मागणाऱ्याला थांबवा, मग तो कितीही मोठा असो.

दुसऱ्या दिवशी सुईण परतली, तेव्हा पाटील पुलाच्या तोंडाशी उघड्यावरच उभे होते. त्यांनी विचारलं, “शेवटच्या गाळ्याला कठडा नाही, खाली एवढं पाणी. भीती नाही वाटली?”

“वाटली की,” सुईण म्हणाली. “दर साली काठावर बसून वाटायची, यंदा चालता चालता वाटली.”