शार्दूलचा बिनचूक लेख

एका तालुक्याच्या गावी एक तंत्रनिकेतन होतं आणि तिथे शार्दूल नावाचा एक हुशार मुलगा शिकत होता. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. यंत्र कसं वापरावं हे साध्या माणसाला कळेल असं लिहायचं, हा त्यांचा एक विषय होता. तो शिकवणाऱ्या बिडकर मॅडमनी वर्गाचं एक मासिक इंटरनेटवर सुरू केलं. नियम एकच. प्रसिद्ध झालेल्या लेखात काही बदललं, तर वर ठळक अक्षरांत 'दुरुस्ती' असं लिहून आधी काय चुकलं होतं ते सांगायचं.

हळूहळू सगळ्यांच्याच लेखांवर दुरुस्त्या चढल्या. एकट्या शार्दूलच्या लेखावर एकही नव्हती. मुलं त्याला 'बिनचूक' म्हणू लागली, आणि स्वारीची मान ताठ झाली.

त्याचा लेख घरघंटीवर होता. घरी पीठ दळायच्या त्या यंत्रात धान्य अडकलं, तर दार उघडा, हात घालून अडकलेलं काढा, दार लावा, असं त्यात लिहिलं होतं. त्याच्या घरची घरघंटी नवी होती, दार उघडताच आपोआप बंद पडणारी. एकदा शेजाऱ्यांकडे त्याने जुनी घरघंटी पाहिली. दार उघडलं तरी तिचं पातं फिरतच राहिलं. शार्दूलला आपला लेख आठवला. प्लग काढायचं त्याने लिहिलंच नव्हतं.

घरी येऊन त्याने लेखात सर्वांत वर एक ओळ घातली: 'आधी प्लग काढा.' 'दुरुस्ती' मात्र लिहिली नाही. एवढ्याशासाठी नाव कशाला घालवायचं? आता लेख बरोबर आहे ना, मग झालं तर! अशी स्वतःची समजूत घालून तो निवांत जेवायला बसला.

त्याच्या वर्गातल्या प्रज्ञाची आई, उज्ज्वलाताई, नुकतीच एक जुनी घरघंटी घेऊन लोकांचं दळण दळू लागली होती. घर त्यावरच चालायचं. लेकीच्या मासिकात आपल्या कामाचं काही आलं, याचं तिला कोण कौतुक! लेख आला त्याच दिवशी तिने तो वाचला आणि कृती तोंडपाठ करून टाकली. पुन्हा उघडून बघायची तिला गरजच वाटली नाही.

शार्दूलने ती ओळ घातली, त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या घरघंटीत बाजरी अडकली आणि पातं थांबलं. पाठ केलं होतं तसं तिने दार उघडलं, हात घातला. अडकलेली बाजरी निघाली आणि पातं गरकन फिरलं. उजव्या हाताची बोटं गेली.

वर्गातली मुलं दवाखान्यात भेटायला गेली. त्यांच्यात शार्दूलही होता. प्रज्ञा रडत होती आणि रागावलीही होती. तिने मोबाइल आईपुढे धरला.

"हे बघ, पहिलीच ओळ आहे, आधी प्लग काढा! एवढंसुद्धा वाचलं नाहीस?"

उज्ज्वलाताईने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. "मला तर ही ओळ आठवतच नाही गं," ती पुटपुटली. मग तिने मान खाली घातली. "असेल. माझंच लक्ष नसणार."

शार्दूलला एकच वाक्य बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण भोवती सगळा वर्ग उभा होता, त्याला बिनचूक म्हणणारा.

"काकू, काळजी घ्या," एवढंच तो म्हणाला.

"तू कशाला तोंड पाडतोस बाळा?" उज्ज्वलाताई म्हणाली. "तू चांगलंच लिहिलं होतंस. मीच मेली धांदरट."

वर्षअखेरीला मासिकातल्या लेखांत शार्दूलचा लेख पहिला आला. उज्ज्वलाताईची घरघंटी विकली गेली. ती घ्यायला आलेल्या बाईला तिने बांधलेला हात दाखवून बजावलं, "आधी त्या मुलाचा लेख वाच. आणि माझ्यासारखा अर्धवट वाचू नकोस."

तात्पर्य: चूक गुपचूप पुसली म्हणजे ती सुधारली असं नव्हे. जो तिच्यावर विसंबला त्याला सांगितलं नाही, तर इजाही त्यालाच होते आणि दोषही त्याच्याच माथी बसतो.