अडीच तांब्यांचं डोकं

हुंबरपूरच्या सरकारी विज्ञानशाळेत शिरायचं तर आधी डोकं बुडवावं लागे. काठोकाठ भरलेलं घंगाळ, त्याच्याखाली परात. पोराने नाक दाबून मानेपर्यंत डोकं आत घालायचं आणि परातीत सांडेल ते पाणी शास्त्रीबोवांनी तांब्याने मोजायचं. सहा तांबे भरले तर पाचवीत प्रवेश. कमी भरले तर पंचाने डोकं पुसा आणि घर गाठा.

ही युक्ती खुद्द तुंबाजी महाराजांची. मोठं डोकं म्हणजे मोठी बुद्धी, असं त्यांना एकदा आंघोळीत सुचलं, आणि महाराजांना आंघोळीत सुचलेलं खोडून काढायची दरबारात कुणाची छाती नव्हती. झालं. राज्यातले झाडून सगळे भोपळे त्या शाळेत गोळा झाले. पहिल्या वर्षी पहिला नंबर कोतवालाच्या पोराचा आला. ऐन परीक्षेत त्याला गालगुंड झालं होतं. आठ दिवसांनी सूज उतरली, तेव्हा शास्त्रीबोवांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

धोंडू गवळ्याच्या येसूला ह्याच शाळेत जायचं होतं. तिथे भिंगं होती, लोहचुंबक होते, आणि कुणी काही विचारलं तर पाठीत धपाटा बसत नव्हता. दूध उतू जातं, मग पाणी का जात नाही, हे येसूने घरी विचारलं होतं. आई म्हणाली, "आधी खाली उतरव ते, मग विचार."

येसूने डोकं बुडवलं. भरले अडीच तांबे.

"पुढचा!" शास्त्रीबोवा ओरडले.

येसू हलेना. केसांतून पाणी गळत असताना ती थेट परीक्षा पाहायला बसलेल्या महाराजांपुढे उभी राहिली. "महाराज, सहा तांबे भरले की प्रवेश नक्की?"

"नक्की."

"डोकं कुणाचंही असलं तरी?"

"कुणाचंही. राजाचा शब्द आहे. पण तुझं नव्हे, पोरी. तुझं म्हणजे लिंबू आहे."

दुसऱ्या दिवशी येसू आपली म्हैस घेऊन आली. काजळी तिचं नाव. काजळीने घंगाळात तोंड घातलं, अकरा तांबे सांडले, आणि उरलेलं पाणी ती पिऊन गेली. शास्त्रीबोवांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी छताकडे पाहिलं. शब्द गिळणारा राजा नव्हता तो. त्यापेक्षा म्हैस गिळणं त्यांना सोपं वाटलं.

"लिहा नाव," ते म्हणाले.

सोमवारी हजेरी झाली.

"काजळी धोंडू गवळी?"

"हजर," येसू म्हणाली.

"तू कोण?"

"मी तिची राखण, गुरुजी. मी नसले तर ती फळ्यावरचा खडू खाते."

गुरुजींनी मुकाट्याने खडू खिशात टाकला. येसू वर्गात शेवटी, म्हशीच्या शेपटीपाशी बसू लागली. भोपळे पेंगायचे, काजळी रवंथ करायची, आणि येसू ऐकायची. सायीखाली वाफ कोंडते म्हणून दूध उतू जातं, हे तिला पंधरा दिवसांत कळलं. गुरुजींनी प्रश्न विचारला की ती म्हशीच्या कानाशी वाकायची आणि म्हणायची, "काजळी म्हणते, चुंबकाला तांबं चिकटत नाही." वर्षअखेर काजळी वर्गात पहिली आली.

निकाल पाहून तुंबाजी महाराज तडक शाळेत आले. चैत्रातली दुपार. परीक्षेचे बाक अंगणातल्या हौदाजवळ मांडलेले, आणि काजळी उन्हात खुंटाला बांधलेली.

"उत्तरं कोण देतं?" महाराजांनी विचारलं.

"काजळी, महाराज. मी नुसती सांगते."

"असं? मग आज मी तिलाच विचारणार. तू तोंड उघडायचं नाही. तिला उत्तर आलं नाही, तर दोघी आजच्या आज शाळेबाहेर."

शेपटीमागची का होईना, ती जागा येसूने वर्षभर धरून ठेवली होती.

"नाही बोलणार," ती म्हणाली. "पण दावं सोडू का? बांधलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारला, तर लोक महाराजांनाच हसतील."

"सोड."

येसूने दावं सोडून हातात धरलं. महाराज हौदाच्या कठड्याला टेकले, मिशीला पीळ दिला आणि आपल्या आवडीचा प्रश्न काढला. "सांग काजळी, भरल्या पाण्यात जड वस्तू पडली, तर काय होतं?"

येसूने हातातलं दावं सोडलं.

दुपारभर तापलेल्या म्हशीने मागंपुढं पाहिलं नाही. ती महाराजांच्या बगलेतून गेली आणि धप्पकन हौदात बसली. अर्धा हौद बाहेर आला. त्यातला बराचसा महाराजांवर.

शास्त्रीबोवांनी डोळे मिटून घेतले. पगडीतून ओघळणारं पाणी महाराजांनी हळूच फुंकरलं. "उत्तर," ते म्हणाले, "बरोबर आहे."

"प्रयोगासकट आहे, महाराज," येसू म्हणाली. "आता बोलू?"

"बोल बाई."

"तिला सगळं यायला लागलं. म्हणजे तिची शाळा संपली आणि जागा रिकामी झाली. ती मला द्या."

"तुला? तुझं डोकं अडीच तांब्यांचं."

"म्हणून तर शाळेत यायचंय. अकरा तांब्यांचं असतं, तर घरी बसून दूध दिलं असतं."

महाराज हसायला लागले. हसता हसता ओल्या फरशीवरून घसरून बसले आणि तिथूनही हसत राहिले. येसूचं नाव त्याच दुपारी हजेरीत चढलं, घंगाळ मुदपाकखान्यात गेलं, आणि पहिली आलेली विद्यार्थिनी म्हणून काजळीचा भर अंगणात सत्कार झाला. नारळ शास्त्रीबोवांनी घरी नेला. शाल तिने तिथंच खाल्ली.