तटात चिणलेले जाते

कोण जाणे किती काळापूर्वी, यहुदी लोकांच्या मुलखात डोंगरावर एक नगर होते. तिथे जुना नियम होता: राजाने हवे ते न्यावे, पण कुणाच्या घरातले जाते उचलू नये. जाते नेणे म्हणजे घरातला जीव नेणे.

एका राजाला मात्र नगराचा तट उंच करायचा होता आणि दगड कमी पडत होते. त्याने गोरगरिबांच्या जात्यांचे दगड तटात चिणायला सुरुवात केली. त्यात एका विधवेचेही जाते गेले. लोकांची दळणे दळून ती आपल्या लेकीला वाढवत होती. ती रडत नगरातल्या एका म्हाताऱ्या संदेष्ट्याकडे, देवाचा निरोप सांगणाऱ्याकडे गेली.

काही दिवसांनी संदेष्टा दरबारात येऊन उभा राहिला. "राजा, परमेश्वराने मला दृष्टान्त दाखवला. आकाशातून तराजू लोंबत होता. एका पारड्यात तुझा सगळा तट, दुसऱ्यात एक जातं. जात्याचं पारडं खाली बसलं आणि तट वर उचलला गेला."

दरबारातले शास्त्री हुशार, नको तितके हुशार. तराजू पितळेचा की लोखंडाचा, यावरच त्यांचा वाद रंगला. अखेर थोरले शास्त्री म्हणाले, "महाराज, अर्थ उघड आहे. जात्यामुळे तट वर चढला! आणखी जाती लावा, तट आभाळाला टेकेल."

"अहो, त्या बाईचं जातं परत द्या, एवढाच अर्थ आहे!" संदेष्टा ओरडला.

"दृष्टान्त पाहणं तुमचं काम, बाबा. उलगडणं आमचं."

राजा हसला. पालथ्या घड्यावर पाणी! घरोघरी उरलेली जातीही तटात गेली.

पुढे शत्रूने वेढा घातला. तटाचा एकही दगड हलला नाही. कोठारे गव्हाने भरलेली होती, पण दळायला जाते नव्हते. सरपण होते तोवर लोकांनी गहू उकडून खाल्ले; ते संपले, तसे कच्चेच चावू लागले. विधवेच्या आजारी लेकीला तेही चाववेनात. विधवा तटाशी गेली. खुंट्याजवळच्या खाचेवरून तिने आपले जाते ओळखले आणि नखांनी चुना उकरू लागली. पहारेकऱ्याने तिला हाकलून दिले. ती घरी पोचली तेव्हा लेक गेली होती.

शेवटी उपाशी लोकांनीच वेस उघडली. तट अजून उभा आहे, नगर नाही. शत्रूने शास्त्र्यांना दोरीने बांधून नेले, तेव्हाही ते भांडत होते, तराजू पितळेचा की लोखंडाचा.

तर लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: दृष्टान्तात आपली चूक सोडून आपली स्तुती शोधणाऱ्याला देवही वाचवू शकत नाही.