कोल्ह्याचे तळे आणि डुकरिणीचे डबके

जिथे पळस पुष्कळ आणि पाणी थोडे, अशा एका रानात एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी हा काही गप्प बसणारा पक्षी नव्हे. ही तर वाघ दिसला तरी ओरडायची, ससा दिसला तरी ओरडायची, आणि कुणी थाप मारली की सगळ्यांत मोठ्याने ओरडायची. त्या वर्षी कोल्ह्याने ‘रानसेवा मंडळ’ काढले आणि साळिंदरांकडून एक देखणे तळे खोदून घेतले. काठाला पांढरे गोटे लावले. पावसाने तळे काठोकाठ भरले आणि पाणी असे नितळ झाले, की मोराने त्यात बघून आपला तुरा नीट केला. उद्‌घाटनाला सगळे रान लोटले. बंदी होती ती फक्त रानडुकरांना. ती लोळतात, पाणी गढूळ करतात! कोल्हा काठावर बसून पिणारी तोंडे मोजत होता, आणि दोनदा प्यालेल्याला दोनदा मोजत होता.

“हजार तहानलेल्यांची सोय झाली!” त्याने जाहीर केले.

“हजार? अहो, रानात एवढी तोंडं तरी आहेत का?” टिटवी कडाडली. “आणि उन्हाळ्यात काय पिणार, तुमचा आकडा?”

“टिटवीबाई, शुभकार्यात अपशकुन नको,” कोल्हा गोड हसला. “उलट तुम्ही इथंच घर करा. काठावर पिल्लं बागडली की मंडळाची शोभा वाढेल.”

टिटवी भांडखोर खरी, पण पाण्याजवळची जागा कोणत्या आईला नको असते? उन्हाळा लागताच तिने त्याच काठाशी, उघड्या मातीत अंडी घातली.

वैशाख आला. तळ्यातले पाणी रोज खाली जाऊ लागले. प्राणी पीत होते थोडे, जमीनच पीत होती जास्त. पिल्ले अंड्यांतून बाहेर आली तेव्हा तळाला भेगा पडल्या होत्या. पिल्लांना अजून उडता येत नव्हते. चोची उघड्या टाकून ती आईच्या सावलीत धापा टाकत होती. टिटवी तडक कोल्ह्याकडे गेली. तो करवंदीच्या जाळीत नव्या भाषणाची तयारी करत होता.

“तळं आटलं!”

“आटलं असेल. पण आपली मोजणी झाली ना तेव्हाच! वाघोबा फार खूश झाले. आता टेकडीपलीकडे याहून मोठं तळं खोदतोय आपण.”

“माझी पिल्लं तहानेनं मरतायत!”

“त्यांचं वाईट वाटतं हो,” कोल्हा समजुतीच्या सुरात म्हणाला, “पण मोजणीच्या दिवशी ती नव्हतीच.”

टिटवीला एवढा संताप आला, की आयुष्यात पहिल्यांदा तिला ओरडता येईना. ती परतत होती, तोच समोरून एक रानडुक्करीण गेली. तिच्या पाठीवर चिखल होता, आणि तो ओला होता! वैशाखात ओला चिखल? टिटवी थबकली. डुकरे जमिनीवरची अंडी-पिल्ले फस्त करतात, हे तिला पक्के ठाऊक होते. पण मागे मरण होतेच. तिने पिल्लांना हाक दिली, आणि एका झुडपाच्या सावलीतून दुसऱ्या झुडपाच्या सावलीत, अशी ती सगळी डुकरिणीच्या मागावर चालू लागली.

ओढ्याच्या वळणावर अंजनाचे एक झाड होते. त्याखाली पोचताच टिटवीची मान ताठ झाली. ना गोटे, ना शोभा. होते एक काळपट, पसरट डबके. पण केवढे रान त्याला टेकले होते! सांबर पीत होते, रानकोंबड्या पीत होत्या, मधमाश्या कडेच्या ओलीवर दाटल्या होत्या. एक गवा पाण्यात उतरला, प्याला आणि संथपणे बाहेर आला. त्याच्या प्रत्येक खुराचा ठसा चिखलात उमटला, आणि प्रत्येक ठशात पाणी साचून राहिले. बरोबर एका पिल्लाला पुरेल एवढे! पिल्ले धावली. एकेका ठशात एकेक चोच बुडाली. त्या इवल्या पाण्यात आभाळाचा तुकडाही मावला होता.

“या हो, टिटवीबाई,” डुक्करीण म्हणाली. “नाक मुरडायचं तर आधी पिऊन घ्या, मग मुरडा.”

“तू... माझ्या पिल्लांना खाणार नाहीस?”

“पाण्यावर कुणी कुणाला खात नाही. खाल्लं तर उद्या येईल कोण? आणि कुणी आलंच नाही, तर हे तुडवायचं कुणी?”

“हे खोदलं कुणी?” टिटवीने हळूच विचारले.

“खोदलं कुणीच नाही. माझी आजी लोळायची, तिचीही आजी लोळायची. गवे तुडवतात, सांबरं तुडवतात. आटत नाही एवढं खरं.”

टिटवीने चोचीने चिखल टोचून पाहिला. लोण्यासारखा मऊ आणि इतका घट्ट, की त्यातून थेंब खाली जाईना. पिढ्यान्‌पिढ्यांच्या लोळण्याने तो तळ लिंपला होता. ज्यांना कोल्ह्याने हाकलले, त्यांनीच इथे पाणी धरून ठेवले होते!

पिल्ले जगली. पुढच्या पावसाळ्यात टिटवीनेच डुकरांची टोळी कोल्ह्याच्या तळ्यावर आणली. “घाण! घाण! माझे गोटे!” कोल्हा किंचाळला. टिटवीने त्याच्या डोक्यावर अशी झेप घेतली, की तो शेपूट पायांत घालून टेकडीपार झाला. डुकरे मनसोक्त लोळली. मागून गवे आले, सांबरे आली. पांढरे गोटे चिखलात गडप झाले.

पुन्हा वैशाख आला. एका सकाळी टिटवीचे ओरडणे रानभर घुमले. वाघ आला समजून सगळे धावत आले. पाहतात तो काय, तळ्याच्या मध्यावर वीतभर गढूळ पाणी, आणि त्यात पाय बुडवून उभे एक पाडस! तेवढ्यात कोल्हाही पोचला. टेकडीपलीकडचे त्याचे नवे तळे केव्हाच कोरडे पडले होते. सवयीने त्याने मोजायला पंजा उचलला, पण घसा एवढा सुकला होता, की आकडा बाहेर येईना. त्याने मुकाट्याने मान खाली घातली आणि सगळ्यांबरोबर ते गढूळ पाणी तो पिऊ लागला.

तात्पर्य : परोपकार मोजायचा तो उद्‌घाटनाच्या गर्दीवरून नव्हे, तर भर उन्हाळ्यात उरलेल्या ओलीवरून, आणि ज्यांच्या पायांनी ती ओल टिकते, त्यांना काठावरून हाकलू नये.