पंगतीतून उचललेलं पान

एका राज्यात सगुणाक्का ओरडून ओरडून सांगत होती, माझा भाऊ कागदाचा होतोय. आणि एकाही शहाण्याचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता.

प्रधान म्हणाला, "बाई, तुम्ही मुदपाकखान्यात वाढणाऱ्या. विद्येतलं तुम्हाला काय कळतं?"

"विद्येतलं नाही कळत. भावाचं अंग कळतं!"

खोटं नव्हतं. तिचा भाऊ निळकंठपंडित सात वर्षं मनोऱ्यात बसून शापित खजिन्याची पोथी उलगडत होता. आधी त्याची बोटं कागदाची झाली, मग दंड, मग खांदे. आता छातीवर अक्षरं उमटली होती आणि वारा सुटला की पंडित फडफडे. कागद काळजाला भिडला की माणूस संपला.

मनोऱ्याच्या खिडकीत एक साळुंकी राही. ती म्हणाली, "अक्का, तीन कामं करून घे. त्याला पंगतीला बसव, शेवटचा उठेपर्यंत. पारावर बिनकामाच्या गप्पा मारू दे. आणि भरदुपारी घोरू दे."

सगुणाक्कानं भावाची गुंडाळी केली, काखोटीला मारली नि खाली आणली.

"अक्का, चारच ओळी राहिल्यात गं," पंडित कुरकुरला.

"सात वर्षं चारच राहिल्यात, मेल्या! जेव."

पंगतीत शेजारी बसलेल्या माळ्यानं विचारलं, "पंडित, कढी कशी झालीय?" निळकंठाला सांगता येईना. दुसऱ्या वाटीला चव कळली नि बोटांत रक्त उतरलं. पारावर माळ्याच्या बोकडानं प्रधानाची पगडी खाल्ल्याची हकिगत ऐकून तो खो खो हसला, दंड सुटले. दुपारी असा घोरला की कावळे उडाले, खांदे सुटले. छाती मात्र कागदाचीच राहिली.

सगुणाक्का साळुंकीवर खेकसली, "फसवलंस!"

"मूळ शाप बाकी आहे. ज्याच्या शब्दानं त्याचं पान पंगतीतून उठलं, त्याचं नाव भर पंगतीत घे."

संध्याकाळी पंगत बसली. राजाही होता. प्रधान कुजबुजला, "बाई, पोथीवर ढकला. सुटाल."

सगुणाक्कानं पळी आपटली. "पोथीला हात आहेत का? पान मी उचललं! सात वर्षं, मान खाली घालून, मनोऱ्यावर नेलं. चुकले मी. पण 'पंडिताचा क्षण जेवणात दवडू नका, पान वर पाठवा' हा हुकूम कुणाचा?"

तिनं नाव घेतलं. निळकंठाची छाती माणसासारखी धपापली. राजा लाल झाला. मग त्याची मान खाली गेली.

पंडित पोथी अजूनही वाचतो, सकाळी. दिवेलागणीला पारावर असतो. त्या चार ओळी महिन्याभरात उलगडल्या. पान आता कुणाचंच वर जात नाही. आणि पहिल्या घासाआधी साळुंकी विचारते, "पान कुणी उठवलं?"

सारी पंगत, राजासकट, मोठ्यानं सांगते:

"राजा धैर्यसेन!"