यादीतला एक्केचाळिसावा शब्द

“आणि ‘स्टार्टल्ड’च्या पुढे काय लावायचं, सर? बाय की ॲट?”

मुजावर सर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. निवृत्त झाल्यापासून ते रोज दुपारी दर्ग्याच्या आवारात, कडुलिंबाखालच्या पारावर बसतात. इंग्रजीतलं काही अडलं की कुणीही यावं, विचारावं.

मी दोन एसट्या बदलून गेले होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एका शाळेत माझा डेमो होता. आठवीचा वर्ग, पॅसिव्ह व्हॉइस. जमला तर नोकरी. मागच्या शाळेतली हुकली होती.

“नक्की नाही सांगता येत,” सर म्हणाले. “बघू या.”

त्यांनी हात झटकले, पिशवीतून शब्दकोश काढला आणि चष्मा पुसायला लागले.

मला वाटलं, थट्टा चाललीय.

“सर... तुम्ही बघून सांगणार?”

“मग काय, न बघता सांगू?”

“तसं नाही. पण तुम्ही चाळीस वर्षं शिकवलंत.”

“अडतीस.”

बोट लावून त्यांनी शब्द शोधला. सावकाश अर्थ वाचला, ‘दचकलेला’. मग कोश मिटला, तो धप्पकन. मी पारावरून पडायचीच बाकी राहिले.

“बाय,” सर म्हणाले. “जास्त करून बाय. ॲटही चालतं.”

मला हसू आलं नाही. मी रागावले होते, खरं सांगायचं तर. एवढ्या लांब येऊन, कोश काय मला उघडता येत नाही?

“हा एकच शब्द यादीत नव्हता म्हणून विचारलं, सर,” मी म्हणाले. “नाहीतर एकशे बारा पाठ आहेत मला. कुठलाही विचारा.”

बोलून गेले आणि माझेच कान तापले.

“कव्हर्ड?” सरांनी विचारलं.

“विथ.”

“नोन?”

“टू.”

“इंटरेस्टेड?”

“इन.”

“मॅरिड?”

“विथ.”

सरांनी हात पुढे केला.

“दाखव ती यादी.”

मी पर्समधून कागद काढला. आमच्याकडच्या सगळ्या क्लासेसमध्ये हा कागद फिरतो. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. पॅसिव्ह क्रियापदांची यादी, प्रत्येकापुढे कुठला शब्द लावायचा ते. ‘एकशेबारी’ म्हणतात तिला. हाताने लिहिलेली, उजवीकडे झुकलेलं अक्षर. कुणी लिहिली ते कुणालाच माहीत नाही.

सरांनी कागद लांब धरला. मग जवळ घेतला. बराच वेळ.

“एक्केचाळीस नंबर चुकलाय,” ते म्हणाले. “तिथं टू पाहिजे.”

“शक्यच नाही, सर. सगळे हीच वापरतात.”

“म्हणून सगळ्यांचं चुकतं.”

“पण ज्यांनी लिहिली, त्यांनी काहीतरी बघूनच लिहिलं असेल ना?”

“कसलं बघतोय! मराठीतनं उचललं त्यानं. आपल्यात लग्न कुणाबरोबर तरी करतात, मग लाव विथ.” सर हसले. “सव्वीस वर्षांचा होता. स्वतःचं लग्नही व्हायचं होतं त्याचं.”

“तुम्ही ओळखता त्यांना?”

“पेन दे.”

मी पेन दिला. सरांनी विथवर काट मारली आणि शेजारी टू लिहिलं.

मी त्या दोन शब्दांकडे बघत राहिले... तेच वळण, तसंच उजवीकडे झुकलेलं. थोडं थरथरलेलं, इतकाच काय तो फरक.

“सर...”

“हं.”

“मग दुरुस्त का नाही केलीत?”

“मला कळलं, तोवर गावोगाव गेली होती ती.”

“कळलं कसं?”

सरांनी एक शेंग उचलली.

“आठवीतल्या एका मुलीनं सांगितलं. भर वर्गात उभी राहून. म्हणाली, सर, माझ्या गोष्टीच्या पुस्तकात टू आहे.”

“मग?”

“वर्गाबाहेर उभी केली तिला. तास संपेपर्यंत.”

शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली.

“संध्याकाळी घरी गेलो आणि कोश उघडला.”

“दुसऱ्या दिवशी सांगितलंत तिला?”

“नाही.”

दर्ग्यात कुणीतरी ऊद लावला होता. त्याचा वास पारापर्यंत आला.  

“दहावीपर्यंत माझ्याच हाताखाली होती,” शेवटी ते म्हणाले. “पुन्हा कधी हात वर केला नाही तिनं.”

...

मग मीच बोलायला लागले. ठरवलं नव्हतं.

“सर, मागच्या डेमोला शेवटच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, बाई, सगळीकडे बायच लावलं तर काय बिघडतं? मला उत्तर येत नव्हतं. समोर हेडमास्तर बसलेले. मी म्हणाले, ते परीक्षेला नाही.”

“मग?”

“बसला तो खाली.”

नोकरी हुकल्याचं मी घरी सांगितलं होतं. हे नव्हतं सांगितलं. आईलासुद्धा नाही.

मला वाटलं, आता सर समजावतील. निदान ‘असू दे’ म्हणतील.  सरांनी सोललेल्या दाण्यांचा ढीग माझ्याकडे सरकवला. इतका वेळ सोलत होते, एकही दाणा तोंडात टाकला नव्हता.

“खा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.”

खरंच नव्हतं. मी खाल्ले. खाता खाता डोळे भरून आले, तर सर दुसरीकडे, दर्ग्याच्या घुमटाकडे बघत बसले. त्याबद्दलही मी त्यांची ऋणी आहे.

एवढ्या मोठ्या माणसानं आपली चूक माझ्यासमोर अशी उघडी करून ठेवावी, मी त्यांची कोण? नाव सांगून अर्धा तास झाला होता फक्त. शाळेपासून निबंधात ‘उपकार’ हा शब्द मी शंभर वेळा लिहिला असेन. तो खरा कधी वापरायचा, हे माहीत नव्हतं.

मी नमस्काराला वाकले. सरांनी पाय वर ओढून घेतले.

“हे नको. साडेचारची गाडी गेली तर मुक्काम इथंच पडेल तुझा. पळ.”

मी चपला घातल्या. दरवाजापर्यंत गेले आणि परत फिरले.

“सर, उद्या कुणी काही विचारलं... आणि मला नाहीच आलं, तर?”

सरांनी वर पाहिलं.

“आधी त्याचं नाव विचारून घे. मग कोश बघून त्याला कळव.”